भोक नव्हे, दर्ज

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीत गेल्या महिन्यात ‘गळक्या आतड्या’वर जो लेख प्रसिद्ध झाला, त्याविषयी हे पत्र लिहीत आहे. आतड्याच्या आतल्या भिंतीला बारीक भोके पडतात, त्यांतून जंतू आणि न पचलेले अन्न थेट रक्तात शिरते, आणि थकव्यापासून केस गळण्यापर्यंतच्या साऱ्या तक्रारींचे मूळ तेच असते, असे त्या लेखाचे म्हणणे होते. लेखाला आधार अगदीच नाही असे मी म्हणणार नाही. पण ‘भोक’ हा एक चुकीचा शब्द आणि त्याभोवती रचलेले चित्र यांमुळे ध चा मा झाला आहे, आणि त्याचा परिणाम मी शेजारच्याच घरात पाहिला.

आमच्या इमारतीतल्या एक ताई एके दिवशी संध्याकाळी हातात तपासणीचा कागद घेऊन आल्या. “सर, माझ्या आतड्याला भोकं पडलीत म्हणे,” असे त्या म्हणाल्या, तेव्हा आवाजात खरी भीती होती. कागदावर ‘झोन्युलिन’ या नावापुढे एक आकडा लाल अक्षरांत छापलेला होता आणि त्याच्या शेजारी वर जाणारा बाण होता. तपासणीला काही हजार रुपये गेले होते, महिन्याला एक डबा या हिशोबाने पावडर सुरू झाली होती आणि चपाती, पाव, शिरा हे सगळे त्यांनी चार महिन्यांपूर्वीच बंद केले होते. मी डॉक्टर नाही. प्राणिशास्त्र शिकवण्यात माझी तीस वर्षे गेली, एवढाच माझा अधिकार. म्हणून मी त्यांना उपचार सांगितला नाही, फक्त ‘भोक’ म्हणजे नेमके कुठे, हे कागदावर काढून दाखवले. तेच इथे सविस्तर मांडतो.

नववीच्या विज्ञानात मुले ‘अभिस्तर ऊती’ शिकतात. आतड्याचे आतले अस्तर हे अशाच ऊतीचे, एकाच पेशीच्या जाडीचे असते. उभ्या पेशी खांद्याला खांदा लावून उभ्या असतात. त्यांच्या एका बाजूला आपण खाल्लेले अन्न आणि कोट्यवधी जिवाणू, तर दुसऱ्या बाजूला रक्तवाहिन्या. प्रत्येक पेशीला स्वतःचे पटल, म्हणजे पातळ आवरण, असतेच, त्यामुळे पेशीच्या आतून काय जाईल आणि काय नाही हे ती ठरवते. खरा प्रश्न दोन पेशींच्या मधल्या जागेचा आहे. दगडी बांधकामात दोन दगडांच्या मधल्या फटीला गवंडी दर्ज म्हणतात आणि ती चुन्याने किंवा सिमेंटने बंद करण्याला दर्जा भरणे म्हणतात. आपल्या शरीरातही प्रत्येक दोन पेशींमधली दर्ज भरलेली असते, आणि ती भरणारा माल म्हणजे विशिष्ट प्रथिने होत.

महाविद्यालयात मी विद्यार्थ्यांना आतड्याची जुनी स्लाइड दाखवत असे. हेमॅटॉक्सिलीनने गडद रंगवलेल्या त्या छेदात पेशींच्या रांगेच्या अगदी वरच्या कडेला, प्रत्येक दोन पेशींच्या मध्ये, सुईने टोचावा तसा एकेक काळा ठिपका दिसे. साध्या सूक्ष्मदर्शकाच्या काळातल्या अभ्यासकांना ते ठिपके ठाऊक होते, पण त्यांना वाटे की तो पेशींना चिकटवणारा एखादा डिंक असावा. 1963 मध्ये मेरिलिन फारकर आणि जॉर्ज पलाडे यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तीच जागा पाहिली, तेव्हा त्या एका ठिपक्यात एकाखाली एक असे तीन निरनिराळे सांधे असल्याचे उघड झाले. सर्वांत वरच्या सांध्यात शेजारच्या दोन पेशींची पटले जणू एकमेकींत विरघळून गेली होती. त्यालाच आज ‘टाइट जंक्शन’ म्हणतात. तो पेशीच्या माथ्याभोवती कमरपट्ट्यासारखा सलग फिरतो, म्हणून प्रत्येक पेशी आपल्या सगळ्या शेजारणींशी चहूबाजूंनी बांधलेली असते.

हा माल कशाचा, हे कळायला पुढे तीस वर्षे गेली. 1993 मध्ये मिकिओ फुरुसे, शोइचिरो त्सुकिता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जपानमध्ये कोंबडीच्या यकृतातून ‘ऑक्लुडिन’ नावाचे प्रथिन वेगळे केले आणि शोध संपला असे सर्वांना वाटले. मात्र ऑक्लुडिन काढून टाकलेल्या पेशींतही दर्ज भरलेलीच दिसत राहिली. संशोधकाच्या आयुष्यात याहून अवघड क्षण क्वचितच येत असेल, कारण आपणच गाजवलेले प्रथिन मुख्य नाही हे आपल्याच प्रयोगाने सिद्ध होत होते. त्यांनी पुन्हा कोंबडीचे यकृत घेतले आणि 1998 मध्ये क्योतो विद्यापीठातून दोन नवी प्रथिने जाहीर केली. ‘बंद करणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून त्यांना ‘क्लॉडिन’ हे नाव मिळाले. ज्या पेशी असे सांधे कधी बांधतच नाहीत, त्यांच्यात क्लॉडिन घातल्याबरोबर दोन पेशी भेटतात तिथे धाग्यांचे जाळे विणले गेले, आणि हा पुरावा निर्णायक ठरला. आज सस्तन प्राण्यांत वीसहून अधिक क्लॉडिने माहीत आहेत, आणि कोणत्या अवयवात कोणती क्लॉडिने कोणत्या प्रमाणात मिसळायची हे ठरलेले असते.

इथे गवंड्याची उपमा अपुरी पडते, आणि लेखातली चूकही नेमकी इथेच आहे. सिमेंट फक्त अडवते. क्लॉडिने मात्र काही अडवतात आणि काही मुद्दाम वाट ठेवतात. त्वचेत क्लॉडिन-1 पाणी आत राखते. 2002 मध्ये ते नसलेली उंदरांची पिल्ले वाढवली गेली, तेव्हा ती जन्मल्यापासून एका दिवसात शरीरातले पाणी उडून गेल्याने मेली. मेंदूच्या रक्तवाहिन्यांत क्लॉडिन-5 पहारा देते. मूत्रपिंडात क्लॉडिन-16 मॅग्नेशियमला रक्तात परतण्याची वाट करून देते; त्याच्या जनुकात बिघाड असलेल्या कुटुंबांत मॅग्नेशियम लघवीवाटे वाहून जाते आणि मूत्रपिंडात कॅल्शियम साठते, हे 1999 मध्ये दाखवले गेले. क्लॉडिन-14 बिघडले तर जन्मतः बहिरेपण येते. पाकिस्तानातील दोन कुटुंबांच्या अभ्यासातून 2001 मध्ये ते समजले. म्हणजे एकाच घराण्यातल्या प्रथिनांपैकी एक कानात, एक त्वचेत, एक मूत्रपिंडात, आणि प्रत्येकाचे काम वेगळे.

लहान आतड्यात क्लॉडिन-2 आणि क्लॉडिन-15 ही दोन प्रथिने दर्जेतच सूक्ष्म मार्ग तयार करतात आणि त्यातून सोडियम ये-जा करते. हे मार्ग एका नॅनोमीटरहूनही अरुंद असतात. एखादा मध्यम आकाराचा जिवाणू साधारण एक मायक्रोमीटर, म्हणजे या वाटेच्या हजारपटीहून जास्त रुंद असतो; त्याला इथून जायला सांगणे म्हणजे सुईच्या नेढ्यातून बैलगाडी हाकण्यासारखे आहे. दर्जेत याहून रुंद अशी दुसरी एक वाट असते आणि जळजळ झाली की ती वाढते, हे खरे. पण त्या वाटेनेही अखंड जिवाणू जात नाहीत. ते आत शिरतात ते पेशीच मेल्यामुळे किंवा जखम झाल्यामुळे, आणि तो निराळा, अधिक गंभीर प्रसंग असतो.

या फटी पूर्ण बंद केल्या तर काय होईल? त्याचे उत्तर 2013 मध्ये मिळाले. क्लॉडिन-2 आणि क्लॉडिन-15 दोन्ही नसलेले उंदीर तयार केले गेले. ते दूध पीत होते, दूध पोटात जात होते, तरीही ते कुपोषणाने मेले. आतड्यातील ग्लुकोज एकटे पेशीत शिरू शकत नाही, त्याला सोडियमचा हात धरून जावे लागते, आणि एवढे सोडियम दर वेळी जेवणातून मिळत नाही. रक्ताच्या बाजूचे सोडियम याच फटींतून पुन्हा पोकळीत येते, तेव्हा पुढचे ग्लुकोज आत जाते. ‘गळती’ हा शब्द शिवीसारखा वापरणाऱ्यांनी या उंदरांकडे जरूर पाहावे.

ग्लुकोज आणि सोडियमची हीच जोडी आपल्या देशात लाखो मुलांच्या जिवाशी जोडलेली आहे. पटकीत, म्हणजे कॉलऱ्यात, जिवाणूचे विष आतड्याच्या पेशींना क्लोराइड बाहेर ओतायला लावते, त्यापाठोपाठ सोडियम पेशींच्या मधल्या दर्जांतून आणि पाणीही त्यांच्यासोबत वाहू लागते. शंभुनाथ डे यांनी 1959 मध्ये कोलकात्यात सशाच्या आतड्यावर प्रयोग करून हे विष आतड्यात आपले काम करते हे दाखवले होते. रोगी तासातासाला सुकत जातो, तरी त्याच्या आतड्याचे अस्तर अखंड असते. अस्तराला भोके पडली असती, तर तोंडाने दिलेल्या साखर-मिठाच्या पाण्याचा उपयोगच झाला नसता. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी ते पाणी मोठ्या प्रमाणावर दिले आणि मृत्यू झपाट्याने कमी झाले, कारण ग्लुकोजचा हात धरून सोडियम आत जायची पेशींतली वाट शाबूत होती. 2002 पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात एका लिटरला 13.5 ग्रॅम ग्लुकोज आणि 2.6 ग्रॅम मीठ असते, तेही याच हिशोबाने.

याचा अर्थ दर्जेचा बिघाड ही कल्पनाच खोटी आहे असा नव्हे. सीलिअॅक आजारात (यात गव्हातील ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याच्या अस्तराला इजा होते), क्रोनच्या आजारात (आतड्याची दीर्घकाळची सूज), तसेच अस्वच्छ परिसरात वाढणाऱ्या कुपोषित मुलांत आतड्याची पारगम्यता, म्हणजे पदार्थ आरपार जाऊ देण्याचे प्रमाण, वाढलेली आढळते. ती मोजायची एक साधी, जुनी रीत आहे. रोग्याला एक लहान रेणूची आणि एक मोठ्या रेणूची अशा दोन शर्करा पाण्यातून पाजतात आणि काही तासांच्या लघवीत दोन्ही किती उतरल्या ते पाहतात. मोठीचे प्रमाण वाढले तर दर्ज सैल झाली असे समजतात. पण सैल दर्ज हे आजाराचे कारण की परिणाम, हे त्या-त्या आजारात तपासावे लागते. दर्ज थेट घट्ट करू पाहणारे लाराझोटाइड हे औषध सीलिअॅक रोग्यांवर अजमावले जात होते. 2022 मध्ये त्याची तिसऱ्या टप्प्याची चाचणी मधल्या पडताळणीनंतर थांबवण्यात आली. औषध कंपन्यांना वर्षानुवर्षांच्या परिश्रमांनंतर जे साधले नाही, ते एका डब्यातल्या पावडरने साधते असा दावा कुणी केला, तर त्याच्याकडे निदान पुरावा मागितला पाहिजे.

आता त्या लाल आकड्याकडे येतो. झोन्युलिन हे दर्ज सैल करणारे प्रथिन म्हणून वर्णिले गेले आणि 2009 मध्ये ते हॅप्टोग्लोबिन-2 या रक्तातील प्रथिनाचे पूर्वरूप असल्याचे जाहीर झाले. पण बाजारात विकले जाणारे संच हे प्रथिन ओळखतच नाहीत, भलतीच प्रथिने मोजतात, असे 2018 च्या एका अभ्यासात आढळले. ज्या मोजपट्टीवर नेमके काय मोजले जाते हेच ठरत नाही, तिच्यावरचा आकडा लाल काय आणि हिरवा काय.

याहून मोठे नुकसान चपाती सोडल्याने झाले, असे मला वाटते. ताईंच्या तक्रारी खऱ्या होत्या आणि त्यांत सीलिअॅक आजाराची शक्यता डॉक्टरांना तपासायची होती. त्यासाठी रक्तातील प्रतिपिंडे पाहतात आणि गरज वाटल्यास दुर्बिणीने आतड्याचा बारीक तुकडा काढतात. मात्र गहू बंद असताना ही प्रतिपिंडे उतरतात आणि अस्तरही भरून येते, म्हणजे आजार असूनही तपासणी ‘नाही’ म्हणू शकते. म्हणून पोटाच्या डॉक्टरांनी त्यांना काही आठवडे रोज पुन्हा गहू खायला सांगितले. म्हणजे भीतीपोटी सोडलेली चपाती आता भीत भीत खावी लागते आहे, आणि निदान चार महिने लांबले ते वेगळेच. लेख लिहिणाऱ्याचा असा हेतू नसेल, पण साप समजून भुई धोपटली की खरा साप पळून जातो.

या विषयाची सनसनाटीच हवी असेल, तर ती खऱ्या शास्त्रात भरपूर आहे. जठरातले क्लॉडिन-18 दर्जेत लपलेले असते. जठराच्या कर्करोगात पेशींची मांडणी विस्कटली की ते उघडे पडते आणि त्यावर नेम धरणारी झोल्बेटुक्सिमॅब ही प्रतिपिंडे 2024 मध्ये जपानमध्ये आणि नंतर अमेरिकेत उपचारासाठी मान्य झाली. दर तीन ते पाच दिवसांनी आतड्याचे अस्तर नवे होते, म्हणजे रोज असंख्य पेशी गळून पडतात, तरीही भिंतीला खिंडार पडत नाही. कारण जाणारी पेशी वर सरकत असतानाच तिच्या शेजारणी खालून एकमेकींना गाठून दर्ज भरून टाकतात. एखाद्या गवंड्याने चालू भिंतीतला दगड काढताना असे करून दाखवले, तर आपण त्याचा सत्कार करू.

आपल्याकडे एवढीच विनंती आहे की पुरवणीतील त्या लेखाला जोडून पुढच्या अंकात ‘भोक’ आणि ‘छिद्र’ हे शब्द दुरुस्त करून घ्यावेत. ‘पारगम्यता वाढणे’ जड वाटत असेल, तर ‘दर्ज सैल होणे’ लिहावे. त्याच जागी, तपासणी करून घेण्यापूर्वी गहू बंद करू नये, ही एक ओळ ठळक अक्षरांत छापावी. ताईंची तपासणी पुढच्या सोमवारी आहे आणि तोवर त्या रोज सकाळी दोन चपात्या खात आहेत.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त प्राणिशास्त्र अध्यापक, सातारा