मीटिंग कसली, असं विचारलं होतंस

सांगली,
18 जानेवारी 2025

प्रिय पम्या,

दिवाळीत तू घरी आलास तेव्हा मी कानाला हेडफोन लावून पाऊण तास बोलत बसलो होतो. तुझा चहा झाला, आईशी गप्पा झाल्या, तरी माझं चालूच. शेवटी दारात चप्पल घालता घालता तू म्हणालास, "गेम आहे ना रे? मग मीटिंग कसली?" तुला गाडी गाठायची होती, त्यामुळे उत्तर राहून गेलं. ते मला फोनवर नीट सांगता येणार नाही, म्हणून लिहितोय.

जीटीए फाईव्ह 2015 मध्ये पीसीवर आला तेव्हा आपण दोघांनी तुझ्या खोलीवर रात्र रात्र खेळला, आठवतंय? तेव्हा पोलीस म्हणजे कोपऱ्यात तारे लागले की मागे लागणाऱ्या गाड्या. त्यांना चुकवायचं, पळायचं, की संपलं. फाईव्हएम म्हणजे त्या गेमवर बाहेरच्या लोकांनी बनवलेली जोड. तिच्यामुळे गेममधलं तेच लॉस सँटोस शहर वेगळ्या रीतीनं खेळता येतं. कुणीही स्वतःचा सर्व्हर काढावा, आपले नियम लावावेत. मग त्या शहरातला मेकॅनिक, ॲम्ब्युलन्सवाला, वकील, दरोडेखोर, सगळी जिवंत माणसं असतात, कुठे तरी घरी माईकसमोर बसलेली. सुरुवातीला रॉकस्टारला, म्हणजे गेम काढणाऱ्या कंपनीला, हे मान्य नव्हतं, 2015 मध्ये त्यांनी हे बनवणाऱ्यांची खाती बंद केली होती. ऑगस्ट 2023 मध्ये त्याच कंपनीनं ती मंडळी आपल्यात घेतली. त्या दिवशी आमच्याकडे सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला, कारण आपलं शहर एका सकाळी बंद पडेल ही भीती तोवर मनात असायचीच.

आमच्या सर्व्हरवर एका वेळी 64 माणसं मावतात. मी तिथला पोलीस चीफ. दीड वर्ष झालं. दिवसभर ऑफिसातलं अकाउंट्सचं काम, जेवण, आणि रात्री दहाला मिशन रोच्या पोलीस स्टेशनात हजेरी.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. गेममधल्या फ्लीका बँकेच्या तिजोरीला ड्रिल लावायचं तर त्या वेळी किमान चार पोलीस ड्युटीवर हवेत, असं आमच्या सर्व्हरच्या प्रोग्राममध्येच लिहिलेलं आहे. तीन असले तर ड्रिल चालत नाही. तुला वाटेल, पोलीस कमी म्हणजे चोरांची चंगळ. इथे उलट आहे. पोलीस नसले तर चोर हात बांधून बसतात. आठवडाभर बेत आखलेली चार पोरं रात्री अकरा वाजता पार्किंगमध्ये गाडी लावून वाट बघत असतात, की चौथा पोलीस येतोय का. ते मला कळल्यापासून मी मंगळवार-बुधवारची रात्र सहसा चुकवत नाही. त्या दिवशीची ती मीटिंग त्याचीच होती: परीक्षा कुणाच्या, नाईट शिफ्ट कुणाची, दिवाळीला गावी कोण गेलंय, आणि रोज रात्री चार माणसं कशी उभी राहतील. पगार कुणालाच नाही. म्हणूनच सांभाळून विचारावं लागतं.

आणि पोलिसाला हरता आलं पाहिजे. भरतीच्या मुलाखतीत मी एक प्रश्न हमखास विचारतो: चौघं तुझ्या डोळ्यांदेखत निसटले, तू काय करशील? "सोडणारच नाही सर" म्हणणारे खूप येतात. त्यांना मी घेतो, पण फील्ड ट्रेनिंग लांबवतो. नांदेडचा एक पोरगा म्हणाला, "सर, रिपोर्ट लिहीन, गाडीचा रंग लक्षात ठेवीन. उद्या परत भेटतीलच." त्याला मी दुसऱ्याच आठवड्यात एकट्याला गाडी दिली.

कारण चोरानं ठरवलेल्या गोष्टीत आपण सामील व्हायचं असतं. मागच्या महिन्यात ग्रेट ओशन हायवेवरच्या बँकेत दरोडा पडला. आत तीन ओलीस. माझी सार्जंट दारात उभी राहून वीस मिनिटं बोलत होती. एका ओलिसाच्या बदल्यात रस्त्यावर खिळ्यांची पट्टी टाकायची नाही, दुसऱ्याच्या बदल्यात हेलिकॉप्टर नाही. तिनं शब्द दिला आणि आम्ही तो पाळला. पाठलागात आमचा नियम असा, की पहिल्या गाडीनं फक्त चालवायचं, रेडिओवर दुसरीनं बोलायचं. दुसऱ्या गाडीत मी होतो. गडबडीत माझ्या तोंडून मराठीच बाहेर पडलं, "डावीकडं वळला, डावीकडं!" डिस्पॅचवर, म्हणजे कंट्रोल रूमला, नागपूरचा पोरगा होता. त्यानं एका दमात ते हिंदीत सगळ्यांना सांगितलं. माउंट चिलियाडच्या पायथ्याशी झाडीत ते चौघं दिसेनासे झाले. पट्टी टाकली असती तर दोन किलोमीटरवरच धरले असते. रात्री एक वाजता त्यांच्यातला एक आमच्या व्हॉइस चॅनलवर येऊन सार्जंटला म्हणाला, "मॅडम, आपने ज़बान रखी." ती काही बोलली नाही, पण पुढचे दोन दिवस रोज वेळेआधी ड्युटीवर होती.

रेडिओवरून आठवलं. टेन-फोर म्हणजे 'समजलं', टेन-ट्वेंटी म्हणजे 'कुठे आहेस', हे पोलिसी कोड तुला फॅड वाटत असतील. अमेरिकेत 1930 च्या दशकाच्या शेवटी हे कोड निघाले. तेव्हाचे ट्रान्समीटर बटण दाबल्यावर सुरू व्हायला क्षणभर घ्यायचे आणि बोलण्याचं पहिलं अक्षर गिळलं जायचं. म्हणून प्रत्येक कोडच्या आधी 'टेन'. आमच्याकडेही बटण दाबून बोलायचं असतं, आणि पहिला आवाज अजूनही तसाच कापला जातो! नव्या कॅडेटला हे सांगितलं की तो कोड पाठ करायची कटकट करत नाही.

अटकेच्या वेळी हक्क वाचून दाखवायचे, हे मी सक्तीचं केलं. लॉस सँटोस म्हणजे लॉस एंजेलिसचीच प्रतिकृती, त्यामुळे तिथला कायदाही अमेरिकी वळणाचा. पोलिसांनी हे हक्क सांगायलाच हवेत, असं ठरवणारा तिथल्या मिरांडा खटल्याचा निकाल 1966 चा. गप्प राहण्याचा हक्क, वकिलाचा हक्क, चार-पाच वाक्यं. पूर्वी आमची पोरं बेड्या घालून सरळ गाडीत कोंबायची. आता ती चार वाक्यं म्हणेपर्यंत दोघंही थांबतात, पकडलेल्याला बोलायला जागा मिळते, वकिलाचं पात्र करणाऱ्याला काम मिळतं.

तुरुंगाचंही तसंच. आमच्याकडे जुनी शिक्षा साठ मिनिटांची होती. साठ मिनिटं म्हणजे त्या माणसाच्या आयुष्यातला खरा एक तास, दिवसभर काम करून रात्री मिळालेल्या दोन तासांतला. तो त्यानं बोलिंगब्रोक तुरुंगाच्या आवारात भिंतीकडे बघत काढायचा? मी ती वीसवर आणली आणि बाकीचा दंड पैशांत घेतला. यावरून माझ्याच अधिकाऱ्यांशी खूप वाद झाले. अजूनही मला तेच बरोबर वाटतं.

एक गोष्ट मात्र तुला सांगितली नव्हती. जूनमध्ये माझ्या लेफ्टनंटनं एका टोळीचा अड्डा शोधला. वाहवा झाली, मीही केली. चार दिवसांनी टोळीवाल्यांनी मला क्लिप पाठवली. त्यांच्यातला एक जण खेळताना लाइव्ह दाखवत असतो, आणि आमचा लेफ्टनंट दुसऱ्या स्क्रीनवर ते बघत होता. खेळाबाहेरून मिळालेली माहिती खेळात वापरणं, याला आमच्यात मेटागेमिंग म्हणतात. त्याहून हलकट गोष्ट नाही. समोरचा विश्वासानं सगळं उघडं ठेवतो, आणि तू त्याच्या खिडकीतून डोकावतोस.

तो पहिल्या दिवसापासून माझ्याबरोबर होता. माझ्या बाबांचं ऑपरेशन होतं त्या आठवड्यात डिपार्टमेंट त्यानंच चालवलं. मी त्याला एकट्याला व्हॉइसवर बोलावलं. त्यानं लपवलं नाही. "टीमसाठी केलं," म्हणाला. मी त्याचा बॅज काढला. त्या रात्री मला झोप आली नाही, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात एकच बेरीज तीनदा केली.

त्याच्याबरोबर सहा जण गेले. रात्रीच्या पाळीला अकरा होते, पाच उरले, त्यातले दोघं परीक्षेला. तीन आठवडे बँकेचं ड्रिल चाललं नाही. मी स्टेशनच्या पायऱ्यांवर एकटा उभा राहायचो, हरवलेल्या सायकलींच्या तक्रारी लिहायचो. सोडून द्यावं असं त्या दिवसांत दोनदा मनात आलं. रेडिओवर रोज मी दहाला माझा नंबर सांगायचो आणि कुणी उत्तर देतंय का याची वाट बघायचो.

मग एका सोमवारी भरतीचे दोन अर्ज आले. नावं ओळखीची वाटली म्हणून आवाज ऐकले. ज्या टोळीनं मला ती क्लिप पाठवली होती, तिच्यातलीच दोन पोरं. अर्जात 'पोलीस का व्हायचंय' असा रकाना असतो. एकानं लिहिलं होतं, "तुम्ही आपल्या माणसाला काढलंत. आता चार जण भरून काढायची जबाबदारी आमचीही आहे." आज ते दोघं माझ्या सर्वांत भरवशाच्या गाडीवर आहेत. त्यांच्या जुन्या टोळीचा पाठलाग करायची वेळ आली की दोघं आपणहून मागे राहतात. तसं करा, असं मी त्यांना कधी सांगितलं नाही.

लेफ्टनंटनं परवा निरोप पाठवलाय. कॅडेटपासून सुरू करायला तयार आहे म्हणतो. शनिवारच्या मीटिंगमध्ये तो विषय आहे, आणि तिथे माझं मत मी शेवटी सांगणार आहे, आधी बाकीच्यांचं ऐकून.

होळीला येशील तेव्हा दोन रात्री मोकळ्या ठेव. गेम आधीच उतरवून घे, शंभर जीबीच्या वर आहे, इथल्या नेटवर दिवस जाईल. नागरिक म्हणून ये, माझ्या गाडीत शेजारच्या सीटवर बस. रेडिओला हात लावू नकोस. आणि मंगळवार असेल तर फार चांगलं, त्या दिवशी माणसं कमी असतात.

काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
दिप्या