पाहून गेलेल्यांचा अहवाल मराठीत का येत नाही?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

शिक्षक दिन नुकताच झाला. शाळाशाळांतून डॉ. राधाकृष्णन यांच्या फोटोला हार घातला गेला, तो घालायलाच हवा. पण त्याच तारखेला, ५ सप्टेंबर १९०७ रोजी, आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीत शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक जन्मले, हे आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या तरी किती मुलांना ठाऊक आहे? मी गारगोटीची. नाईकसाहेबांनी उभ्या केलेल्या मौनी विद्यापीठाच्या गावातच माझी नोकरी आणि आता निवृत्ती. म्हणून हे पत्र.

देशाच्या शिक्षणाचा आराखडा ठरवणाऱ्या कोठारी आयोगाचे नाईकसाहेब सदस्य-सचिव होते. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या त्या आयोगावर इंग्लंड, अमेरिका, फ्रान्स, जपान आणि सोव्हिएत रशिया इथली माणसे होती. पाहुणे म्हणून नव्हे, सदस्य म्हणून. आयोग राज्याराज्यांत फिरला, सुमारे नऊ हजार लोकांचे म्हणणे त्याने ऐकून घेतले आणि मग अहवाल लिहिला. जवळपासच्या शाळांनी एकमेकींच्या आधाराने चालावे, ही शाळा संकुलाची कल्पना त्याच अहवालातली. केंद्रप्रमुख म्हणून मी अकरा वर्षे ज्या शाळांतून फिरले, त्या शाळांच्या गटाचे, म्हणजे केंद्राचे, मूळ मला तिथेच दिसते. परदेशी माणसे आली, बसली, बोलली आणि जे निघाले ते आपल्या वाडीवस्तीपर्यंत पोचले.

आता माझ्या डोळ्यांदेखत घडलेले सांगते. मी तेव्हा वर्गावर होते. परदेशी विद्यापीठातले तीन अभ्यासक दोन दिवस आमच्या शाळेत राहिले. तिसरीतली एक मुलगी त्यांच्यापुढे उतारा घडाघडा वाचून दाखवू लागली. दुभाष्या खूश, पाहुणेही खूश. मी म्हटले, तिच्या बोटाकडे बघा. बोट दोन शब्द मागे होते. धडा पाठ होता, वाचन नव्हते. त्यांच्यातल्या बाईंनी पानावर हात ठेवून मधलाच एक शब्द उघडा ठेवला. मुलगी गप्प झाली. बाईंनी ते वहीत लिहून घेतले, बोटाचे चित्रसुद्धा काढले. जाताना म्हणाल्या, अहवाल पाठवू. मी वाट पाहिली. पुढे कितीतरी वर्षांनी माझ्या भाच्याला तो इंटरनेटवर सापडला. इंग्रजीत, आणि पैसे भरल्याशिवाय उघडत नव्हता. माझ्या वर्गातले बोट त्यात आहे की नाही, हे मला आजही माहीत नाही.

परदेशाशी होणाऱ्या देवघेवीचे मला वावडे नाही. उलट तिचे मोल मी जाणते. मुंबईत आणि वडोदऱ्यात 'प्रथम' या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेच्या बालसखी वस्तीतल्याच मुली होत्या. मागे पडलेल्या मुलांना रोज दोनेक तास वेगळे घेऊन शिकवायच्या. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा पद्धतशीर अभ्यास केला. इयत्ता बाजूला ठेवून मुलाला वाचता काय येते ते बघायचे आणि तिथून शिकवायला घ्यायचे, ही रीत पुढे झांबियात गेली. तिथल्या सरकारने ती आपल्या शाळांत, आपल्या स्थानिक भाषांत राबवली. आपल्या वस्तीतल्या पोरींच्या कामातून आफ्रिकेतल्या मुलांना वाचता येऊ लागले, याचा मला फार अभिमान आहे. पण मग झांबियातल्या शिक्षकांना पुढे काय अडचणी आल्या, कोणते खेळ त्यांनी नवे काढले, मोठ्या वर्गात गट कसे पाडले, हे आमच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, एकदाही का आले नाही? तिथल्या बाईंना जी अडचण येते तीच इथल्या बाईंना येते. दोघींच्या मधे फक्त इंग्रजी आहे.

आमच्याकडून परदेशी अभ्यासदौरे निघतात तेही असेच. परत आल्यावर सत्कार होतो, फोटो छापून येतात. तिथल्या शिक्षकाला आठवड्यात किती तासिका असतात, त्याला जनगणना आणि निवडणुकीची कामे असतात का, हे कुणी सांगत नाही. आम्हाला तेवढेच ऐकायचे असते.

माझी शिक्षण विभागाला विनंती आहे. बाहेरच्या कोणत्याही विद्यापीठाला आपल्या शाळेत संशोधनाची परवानगी देताना एक अट घालावी: निष्कर्षांचा चार पानी मराठी सारांश त्या शाळेला आणि डाएटला (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेला) मिळाल्याशिवाय काम पूर्ण झाले असे धरू नये. ते सारांश 'जीवन शिक्षण' मासिकात छापावेत. दौऱ्यावर जाणाऱ्या दर पथकात निदान दोन वर्गशिक्षक असावेत, आणि त्यांनी परत आल्यावर केंद्रावर येऊन, खाली बसून, शिक्षकांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत. याला फार पैसा लागत नाही.

ती तिसरीतली मुलगी आता अंगणवाडी सेविका आहे. परवा बाजारात भेटली. मी तिला ती गोष्ट सांगितली, तर म्हणाली, "बाई, त्या मॅडमनी माझं नाव लिहून घेतलं होतं. पुढं काय झालं हो त्याचं?"

आपली,
एक निवृत्त केंद्रप्रमुख, गारगोटी (ता. भुदरगड, जि. कोल्हापूर)