कविता वाचताना आधी विचारू या, बोलतंय कोण?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत हल्ली कवितेशेजारी एक छोटी चौकट असते. कविता कुठल्या प्रसंगातून सुचली, कवीच्या आयुष्यात तेव्हा काय चाललं होतं, हे तिच्यात सांगितलेलं असतं. वाचकांना ती आवडते हे मला ठाऊक आहे. तरीही तिच्याबद्दल माझी मनापासून तक्रार आहे. कवितेत जो कुणी बोलतो आहे त्याच्याकडे नीट पाहण्याआधीच ही चौकट त्याच्या जागी कवीचा फोटो आणून बसवते.

मी अकरावी-बारावीला मराठी शिकवते आणि कविताही लिहिते, म्हणून हा प्रश्न मला दोन्हीकडून भेटतो. मध्यंतरी एका मासिकात माझी एक कविता छापून आली. तिच्यात मूल गमावलेली आई बोलते. कविता वाचून ओळखीच्या आणि अनोळखी बायकांचे फोन आले. सगळ्यांनी माझं सांत्वन केलं. त्यांची माया खरी होती आणि मी ती विसरणार नाही. पण ही आई मुलाशी बोलता बोलता मध्येच शेजारणीशी का बोलू लागते, हे एकीनेही विचारलं नाही. अख्खी कविता मी त्या एका वळणासाठी लिहिली होती. माझी मुलं सुखरूप आहेत असं सांगितल्यावर एक जण दुखावल्या स्वरात म्हणाली, "म्हणजे खोटंच लिहिलंत की तुम्ही!"

तिच्या त्या वाक्याला उत्तर द्यावं म्हणून हे पत्र लिहिते आहे. उत्तर नवं नाही, आपल्याकडे ते फार पूर्वीच दिलं गेलं आहे.

गाथासप्तशती या महाराष्ट्री प्राकृतातल्या जुन्या कवितासंग्रहात एक गाथा, म्हणजे छोटी कविता, आहे. देवधर्म करणाऱ्या एका माणसाला कुणीतरी सांगतंय की बाबा, आता खुशाल हिंड, तो कुत्रा आज मेला. गोदावरीकाठच्या कुंजात राहणाऱ्या माजलेल्या सिंहाने त्याला मारलं. नुसते शब्द धरले तर हे 'ये' म्हणणं आहे. पण बोलणारी कोण ते लक्षात आलं की सगळं उलटं होतं. बोलणारी एक तरुणी आहे. तो कुंज तिची आणि तिच्या प्रियकराची भेटायची जागा आहे, आणि या गृहस्थाच्या तिथल्या येण्याजाण्याने त्यांचा एकांत मोडतो. कुत्र्याला बिचकणारा माणूस सिंहाचं नाव ऐकल्यावर त्या बाजूला फिरकणार नाही. 'हिंड' या शब्दाचा अर्थ 'पुन्हा येऊ नकोस' असा होतो, आणि तो अर्थ शब्दकोशात कुठेच नसतो. तो बोलणारीच्या मनात असतो. नवव्या शतकात आनंदवर्धन या काव्यशास्त्रकाराने ध्वनी, म्हणजे शब्दांतून सूचित होणारा अर्थ, समजावून देताना हीच गाथा घेतली. गाथांचा संग्रह हाल राजाच्या नावावर आहे, पण म्हणून तो कुंज कुणी हालाच्या चरित्रात शोधला नाही. जुने टीकाकार कोण कुणाला म्हणतंय ते आधी सांगतात आणि मग अर्थाला हात घालतात. पुढे मम्मट या काव्यशास्त्रकारानेही व्यंग्यार्थ, म्हणजे हाच सूचित अर्थ, कशाकशाने घडतो हे सांगताना सुरुवात वक्ता आणि ऐकणारा यांच्यापासूनच केली. कवी स्वतः बोलतो ते वेगळं आणि कवीने निर्माण केलेला वक्ता बोलतो ते वेगळं, हा भेद आनंदवर्धनाने स्पष्ट नोंदवून ठेवला आहे. इतकं हाताशी असताना आपण आज 'खोटं लिहिलंत' म्हणतो, याचं मला वाईट वाटतं.

संतांच्या रचनांत तर हा भेद कान देऊन ऐकावा असा आहे. ज्ञानेश्वरांच्या विराण्यांत विरहिणी बोलते. एकनाथांच्या भारुडात सून भवानीआईला रोडगा कबूल करते आणि सासरची एकेक माणसं दूर करायला सांगते. शेवटी ती म्हणते, "एका जनार्दनी सगळेचि जाऊ दे, एकटीच राहू दे मला." एका ओळीत पुरुषाची नाममुद्रा आणि 'एकटीच' हे स्त्रीचं बोलणं! कवीने आपली सही लपवलेली नाही आणि सुनेचा आवाजही दाबलेला नाही. जनाबाई "जनी म्हणे देवा मी झाले वेसवा", म्हणजे वेश्या, असं म्हणते तेव्हा सही आणि भूमिका अशाच शेजारी उभ्या असतात. ऐकणाऱ्यांनी हे चरित्र म्हणून घेतलं नाही. लोकलाज सोडून देवाच्या दारात निघालेली बाई त्यांनी ओळखली.

मराठीत तर क्रियापदच बोलणाऱ्याची पहिली खूण देऊन टाकतं. भा. रा. तांब्यांची 'नववधू प्रिया, मी बावरते' घ्या. कवी पुरुष, पण बोलणारी नववधू आहे हे पहिल्याच ओळीत कळतं. तिथून पुढे ही वधू म्हणजे जीव आणि तो प्रियकर म्हणजे मृत्यू, असंही कित्येकांनी वाचलं आहे. पण त्या अर्थापर्यंत जायचं तर वाट नववधूच्या बावरण्यातूनच जाते.

वर्गात मी सगळ्यात जास्त वेळ कुसुमाग्रजांच्या 'कणा'ला देते. मुलं हमखास म्हणतात की कुसुमाग्रजांकडे त्यांचा जुना विद्यार्थी आला. मी म्हणते, कवितेत 'सर' स्वतःबद्दल 'मी' असं कुठे म्हणतात ते दाखवा. मुलं ओळी धुंडाळतात आणि त्यांना तसं काही सापडत नाही. "पावसात आला कोणी" असं सांगणारा कुणीतरी थोडा बाजूला उभा आहे. खिशाकडे हात जातो, पण कुणाचा हात, कुणाचा खिसा ते सांगितलेलं नाही. सरांची खुर्ची कवीने रिकामी ठेवली आहे, आणि वाचणारा नकळत तिच्यात जाऊन बसतो. बाकी जवळजवळ सगळं बोलणं त्या आलेल्या माणसाचं आहे. त्याची तऱ्हा पाहा. घर पुरात गेलं आहे आणि तो गंगामाई पाहुणी आली म्हणतो, माहेरवाशिणीसारखी घरात नाचली म्हणतो. हा माणूस धीराचा आहे असं कवी एका शब्दानेही सांगत नाही. तो ज्या रीतीने बोलतो त्यातून ते आपल्याला कळतं. आणि "नुसते लढ म्हणा" या त्याच्या मागण्यावर कविता संपते. सरांचं उत्तर कवितेत नाही. ते देण्याची जबाबदारी खुर्चीत बसलेल्या वाचकावर येते. कवितेशेजारच्या चौकटीत 'हा प्रसंग कवीच्या आयुष्यात घडला' असं छापलं, तर वाचक त्या खुर्चीतून उठतो आणि एका थोर माणसाची आठवण ऐकून घरी जातो.

'मी' नसलेल्या कवितेतही बोलणारा असतोच. बालकवींच्या 'औदुंबर'मध्ये शेतमळ्यांची हिरवी गर्दी 'पुढे' लागते. कुणाच्या पुढे? पाहणारा कुठेतरी उभा आहे म्हणून तर 'पुढे' आहे.

आता याची दुसरी बाजू. कवितेतला 'मी' म्हणजे कवी नव्हेच, तो नेहमी मुखवटाच, असं सरसकट म्हणणारे समीक्षकही मला मान्य नाहीत. संत चोखामेळ्याची बायको सोयराबाई अभंगाच्या शेवटी स्वतःला "चोखियाची महारी" म्हणवते. त्या नावासकट तिला ऐकलंच पाहिजे. दलित कवितेतला 'मी' जे सोसलं ते सांगतो, तेव्हा 'हा केवळ काव्यगत निवेदक आहे' असं म्हणणं म्हणजे त्याच्या साक्षीतून आपली सुटका करून घेणं आहे. अशी सुटका होताना मी चर्चासत्रांत पाहिली आहे आणि दर वेळी मला संताप आला आहे.

मग ठरवायचं कसं? प्रत्येक कवितेला वेगळं विचारूनच. नारायण सुर्व्यांचं पाहा. 'माझे विद्यापीठ'मधला 'मी' आणि सुर्वे यांच्यात फार अंतर नाही; जन्मतःच रस्त्यावर टाकलेलं आणि गिरणी कामगाराने वाढवलेलं मूल ते स्वतःच होते. पण त्याच सुर्व्यांच्या 'तुमचंच नाव लिवा'मध्ये बोलते ती शरीरविक्रय करून जगणारी एक आई. पोराला शाळेत घालायला ती आली आहे, बापाच्या नावाची जागा रिकामी आहे आणि ती मास्तरांना म्हणते, तुमचंच नाव लिहा. सुर्वे स्वतः महापालिकेच्या शाळेत शिक्षक होते. म्हणजे कवीचं आयुष्य या कवितेत आहे, पण ते बोलणाऱ्याच्या नव्हे, ऐकणाऱ्याच्या जागी आहे! बोलायचं काम त्यांनी त्या आईकडे दिलं आणि स्वतः गप्प राहून ऐकलं. शाळामास्तरच्या तोंडून तिची कहाणी सांगितली असती तर ती दयेची कविता झाली असती. आई स्वतः बोलते म्हणून प्रश्न थेट मास्तरांना आणि त्यांच्या मागे बसलेल्या आपल्या सगळ्यांना लागतो. बोलणारा बदलला असता तर शब्दांमागचा सगळा तोल बदलला असता.

बायकांच्या कवितेबाबत तर मी याहून आग्रहाने बोलेन. इंदिरा संतांचे पती 1946 मध्ये गेले. त्यानंतरच्या त्यांच्या कितीतरी कविता आपण त्या एका दुःखाच्याच कविता म्हणून वाचल्या. दुःख खरं होतं, पण त्या कवितांतली बाई कधी स्वतःला दटावते, कधी पाऊस आणि झाडांशी बोलते. तिचे हे वेगवेगळे सूर ऐकायचे राहून गेले. पुरुष कवीने नववधू होऊन लिहिलं तर ती प्रतिभा, आणि बाईने दुसऱ्या बाईचं दुःख लिहिलं तर ते तिचं स्वतःचंच असणार, असं आपण किती सहज धरून चालतो. तिला दुसऱ्याच्या आवाजात बोलायची मोकळीक कोण देणार?

परीक्षेतल्या प्रश्नांबद्दल थोडंच लिहिते. 'कवीला काय सांगायचे आहे?' हा ठरीव प्रश्न विचारला की मुलं संदेश शोधतात. त्याऐवजी 'या कवितेत कोण, कुणाशी, कोणत्या प्रसंगी बोलत आहे?' असं विचारून पाहावं. मी वर्गात विचारते, आणि एरवी कवितेच्या तासाला मान खाली घालणारी मुलंही वाद घालायला लागतात.

आपल्याकडे मागणं इतकंच आहे. चौकट बंद करा असं मी म्हणत नाही. ती एक आठवडा उशिरा छापा. या रविवारी फक्त कविता आणि कवीचं नाव, फोटोशिवाय. 'या कवितेत कोण बोलतंय?' असं खाली एका ओळीत वाचकांना विचारा आणि आलेल्या उत्तरांतली दोन-तीन पुढच्या रविवारी चौकटीसोबत द्या. पहिल्या आठवड्याला आमच्या वर्गाची उत्तरं मी नक्की पाठवीन.

आपली विश्वासू,
मराठीची एक शिक्षिका
(नाव छापू नये, ही विनंती)