फ्लॅट टॉप सांगितला, घुमट मिळाला : शुल्क परत मिळण्याबाबत व लेखी खुलाशाबाबत

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग,
मुख्य कार्यालय

विषय : आपल्या सलूनच्या शाखेत चुकीच्या पद्धतीने केलेला फ्लॅट टॉप आणि त्यावर व्यवस्थापकांनी दिलेले उत्तर

महोदय / महोदया,

आपल्या ॲपवर पुरुषांच्या कटांच्या यादीत 'फ्लॅट टॉप', म्हणजे डोक्यावरचे केस उभे करून वरून टेबलासारखे सपाट कापायचा कट, वेगळा दिलेला आहे. त्याचे शुल्क साध्या कटापेक्षा जास्त आहे आणि खाली 'प्रशिक्षित कारागीर' अशी ओळ आहे. ती ओळ वाचूनच मी वेळ घेतली आणि वर वार्षिक सभासदत्वही घेतले. सोबत फोटो जोडला आहे. डोक्यावर आडवी धरलेली फूटपट्टी मध्ये टेकते आणि दोन्ही टोकांखाली बोटभर फट राहते. मागच्या बाजूला, भोवऱ्यापाशी, टाळूची कातडी दिसते. याला फ्लॅट टॉप म्हणायचे असेल तर कुठल्याही साध्या मशीन कटाला म्हणता येईल.

काय झाले ते क्रमाने सांगतो, कारण आपल्या व्यवस्थापकांच्या उत्तरात यातले काहीच आलेले नाही.

आधी केस धुतले आणि ओल्या केसांवरच काम सुरू झाले. इथेच अर्धे काम बिघडले. ओले केस जड होतात, एकमेकांना चिकटतात, ताणले जातात. सुकल्यावर प्रत्येक झुपका आपापल्या मर्जीने वर येतो. फ्लॅट टॉपसाठी केस आधी पूर्ण सुकवून उभे करावे लागतात. ब्रशने मुळापासून उचलायचे, ड्रायरची गरम हवा मुळांशी द्यायची आणि शेवटी थंड हवेने तो उभेपणा बसवायचा. दाट कुरळे केस मुळातच उभे राहतात, त्यांना इतका खटाटोप लागत नाही. माझे केस सरळ आहेत, ते आपोआप उभे राहत नाहीत. ड्रायर समोर टांगलेला होता, त्याला कोणी हात लावला नाही.

मग मशीनला चार नंबरचा गार्ड, म्हणजे केस किती लांब ठेवायचे ते ठरवणारी दातेरी टोपी, लावून तो कपाळापासून मागेपर्यंत फिरवला. माझ्या तक्रारीचा गाभा हाच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. गार्ड कवटीला टेकून चालतो. चार नंबर म्हणजे साधारण १३ मिलिमीटर. तो सगळीकडे तेवढेच केस ठेवतो. कवटी गोल, सगळीकडचे केस सारखे, मग वरचा पृष्ठभाग गोलच येणार. सपाटी हवी असेल तर उलटे व्हायला हवे. टाळू जिथे सर्वात उंच आहे तिथे केस सर्वात आखूड, अगदी काही मिलिमीटर, आणि कपाळाकडे व बाजूंकडे जावे तसे लांब. पुढे ते दोन-तीन सेंटिमीटर सहज असतात. ही पातळी हवेत धरलेल्या कंगव्यावर ठरते, कातडीवर नाही. रुंद, सपाट कंगवा आडवा धरायचा आणि त्याच्यावर आलेले केस गार्ड काढलेल्या मशीनने उडवायचे. काही कंगव्यांना तर गवंड्याच्या पाणसळीसारखा बुडबुडाही असतो. आधी मधोमध एक पट्टी काढायची आणि उरलेले सगळे त्या पट्टीच्या उंचीवर आणायचे. हे करताना कारागीर गुडघ्यात वाकून डोळे केसांच्या रेषेत आणतो, मागे सरकून समोरून बघतो, आरशात बघतो. माझ्या वेळी असे एकदाही झाले नाही.

त्यात नंतर गार्ड काढून वरचे केस सारखे करताना मला मान खाली घालायला सांगितले होते. मान खाली गेली की डोक्याची मागची बाजू वर येते आणि मशीन तिथलेच केस जास्त खाते. टाळू दिसतो आहे तो त्यामुळे. एक गोष्ट खरी की, काही जण हौसेने टाळूवर अशी उघडी पट्टी ठेवून घेतात, तोही फ्लॅट टॉपचाच एक प्रकार आहे. पण ती मधोमध असते, सरळ असते आणि मुख्य म्हणजे मागितलेली असते.

बाजूंचीही तीच गत. गार्ड कानापासून वर नेताना तो डोके जिथून टाळूकडे वळते त्या वळणाच्याही वर गेला. त्यामुळे डावा कोपरा साफ गेला. फ्लॅट टॉपचा सगळा डौल त्या दोन कोपऱ्यांत असतो. बाजू सरळ उभ्या वर याव्यात आणि वरच्या सपाटीला काटकोनात भेटाव्यात, म्हणजे समोरून चौकोन दिसतो. एकदा कोपरा गेला की केस वाढेपर्यंत थांबणे किंवा सगळी पातळी खाली आणणे, एवढेच हाती उरते. मी तसे बोलून दाखवल्यावर उजवी बाजू डावीच्या बरोबरीला आणली, मग डावी पुन्हा थोडी, मग पुन्हा उजवी. शेवटी मीच थांबा म्हटले.

वर भरपूर जेल. पाण्याच्या जेलने केसांचे टोकदार झुपके होतात आणि मधल्या फटी उघड्या पडतात. सुकल्यावर पांढरी पापडी खांद्यावर पडते ती वेगळीच. या कटाला कडक वॅक्स लागते, तेही थोडे, बोटांवर गरम करून मुख्यतः पुढच्या लांब केसांच्या मुळाशी, आणि मग ताठ ब्रशने वर ओढून. मागचे आखूड केस स्वतःच उभे राहतात. काउंटरवर मात्र मला जेलचीच मोठी बाटली घ्यायचा आग्रह झाला.

आता व्यवस्थापकांचे उत्तर. ते म्हणतात की डोक्याचा आकार अनुकूल नाही, भोवरा आडवा येतो आणि 'काही दिवसांत सेट होईल'.

डोक्याचा आकार सपाट असता तर या कटाची गरजच काय होती? आकार बघून पातळी किती उंच ठेवायची हे आधी ठरवायचे असते; उंचवटा जास्त असेल तर पुढचे केस लांब ठेवून पातळी वर घ्यायची. भोवऱ्याचे केस गोल फिरतात आणि तिथे त्रास होतो, हे मान्य. पण मग मशीन हातात घेण्याआधी टाळूवरून हात फिरवून ग्राहकाला तसे सांगायला हवे. माझ्या डोक्याला असा हात कोणी लावला नाही. भोवरा सापडला तो शुल्क घेतल्यानंतर, तक्रारीचे उत्तर लिहिताना.

आणि 'सेट होईल' म्हणजे काय? केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात आणि कवटीच्या बाहेरच्या दिशेने वाढतात. कडेचे केस वर न येता बाजूला फुगतात. चांगला कापलेला फ्लॅट टॉपसुद्धा दोन-तीन आठवड्यांत गोल व्हायला लागतो, मग गोलच कापलेला कोणत्या चमत्काराने चौकोनी होणार?

यातूनच सभासदत्वाचा मुद्दा निघतो. मला 'फ्लॅट टॉप देखभाल' या नावाने जी योजना विकली, तिच्यात महिन्याला एकच कट आहे आणि मधले टचअप पूर्ण कट म्हणून मोजले जाते. हा कट ठेवणारा माणूस दोन ते तीन आठवड्यांनी खुर्चीत बसतो, हौशी असेल तर दर आठवड्याला. महिन्याभराचे अंतर ठेवणारी योजना या कटाची देखभाल करू शकत नाही. ती बनवणाऱ्याने एकदा तरी फ्लॅट टॉप वाढताना पाहायला हवा होता.

हा काही कालपरवाचा प्रकार नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेत हा कट जोरात होता आणि १९८० च्या दशकात तो उंच होऊन पुन्हा आला. शिकवणारे आहेत, शिकता येतो. ज्या तरुण कारागिराने माझे केस कापले त्याने शेवटी हळूच सांगितले की त्याला हा कट कोणी शिकवलेलाच नाही, ॲपवरून बुकिंग आले म्हणून केला. तो प्रामाणिकपणे बोलला. त्याच्या पगारातून या तक्रारीपायी काही कापले गेले तर ती माझी दुसरी तक्रार समजावी.

माझ्या मागण्या अशा : कटाचे पूर्ण शुल्क परत करावे. सभासदत्व कोणतीही वजावट न करता रद्द करावे. ज्या शाखेत हा कट येणारा कारागीर नाही, त्या शाखेच्या यादीतून तो काढावा. दुरुस्तीसाठी त्याच शाखेत मोफत बोलावण्याचा प्रस्ताव मी नाकारत आहे, कारण आता कापायला वर काही उरलेले नाही.

पावती, ॲपवरील पानाचा स्क्रीनशॉट आणि समोरून, मागून व दोन्ही बाजूंनी काढलेले फोटो सोबत आहेत. उत्तर लेखी पाठवावे. फोनवर एकदा बोलून झाले आहे, तेव्हा मला जेल थोडे जास्त लावून बघायला सांगण्यात आले होते.

कळावे,
आपला सभासद