केकला अंदाज चालत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतील अभिनेत्रीची मुलाखत आवडली. शूटिंगच्या वेळा सांभाळून घरच्यांसाठी केक करणे, ताटात अन्न न टाकणे, यावर त्या साधेपणाने बोलल्या. खटकले ते एवढेच, की केकचे साहित्य त्यांनी अंदाजाने घ्यायला सांगितले. जमिनीवरच्या खुणेपासून जरा सरकले तर फोकस जातो, हे कॅमेऱ्यासमोर काम करणाऱ्यांना वेगळे सांगायला नको! पोह्यांना अंदाज चालतो. केकला वजनकाटा लागतो. घरातली वाटी कुठे १५० मिलिलिटरची, कुठे २०० ची. मोठ्या वाटीने पीठ घेतले आणि सोड्याचा चमचा तोच राहिला, की केक बसलाच.

मैद्याऐवजी ज्वारी घ्या, हा सल्ला सोलापूरकरांना गोड वाटणारच. मंगळवेढ्याची ज्वारी शेजारचीच. पण ज्वारीत ग्लुटेन, म्हणजे गव्हाचे पीठ बांधून ठेवणारा चिवट भाग, नसते, त्यामुळे नुसत्या ज्वारीचा केक सुरी लावताच भुगा होतो. निम्मी कणीक घालावी आणि भाकरीसारखीच उकड काढावी. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठावर १२० मिलिलिटर उकळते दूध ओतून, ढवळून, झाकून १५ मिनिटे ठेवावे. पिठाला चिकटपणा येतो, केक खाताना कचकच लागत नाही. पीठ आठवडाभराच्या आत दळलेले हवे. विरी म्हणजे चिकटपणा गेलेल्या पिठाची भाकरी थापताना चिरते, तसाच त्याचा केकही तुटतो.

उकड पूर्ण गार झाल्यावर त्यात १५० ग्रॅम ताजे दही, १५० ग्रॅम चिरून चाळलेला गूळ आणि ८० मिलिलिटर तेल घोटावे. गरम उकडीत दही घातले तर फाटते. १०० ग्रॅम कणीक, एक छोटा चमचा बेकिंग पावडर आणि अर्धा छोटा चमचा सोडा एकत्र चाळून शेवटी मिसळावे. चमचे सपाट, शीग नको. सोडा दह्याला लागताच वायू सुटू लागतो, म्हणून ओव्हन आधी १७० अंशांवर तापवून ठेवावा आणि मिश्रण लगेच सात इंची भांड्यात ओतून आत सारावे. आपल्याकडे उन्हाळ्यात दही दुपारपर्यंत आंबट ढाण होते. मग पातेल्यातच फसफसून वायू उडून जातो. ४० ते ४५ मिनिटे लागतात. पहिली ३० मिनिटे दार उघडू नये, मध्यभाग खचतो.

मुलाखतीतला लोणी-साखर फेसण्याचा प्रकार सोलापुरात मे महिन्यात जमणे अवघड. लोणी २० अंशांच्या आसपास मऊ, पण घट्ट असते, तेव्हाच हवा धरते. पारा चाळिशीपार गेल्यावर स्वयंपाकघरात त्याचे तेलच होते. कितीही फेसा, केक गच्चच. त्यापेक्षा सरळ तेलाचा करावा.

ओव्हन नसेल तर कुकर वापरता येतो, पण जाड बुडाची कढई बरी. कुकरच वापरायचा तर शिटी आणि रिंग काढलीच पाहिजे. पाण्याविना तापलेल्या कुकरमध्ये रिंग जळते, हे मुलाखतीत यायला हवे होते.

बसलेला केकही टाकायचा नाही. पातळ काप करून १२० अंशांवर ३०-४० मिनिटे भाजले, की चहाबरोबर खायला टोस्ट होतात.

पुढच्या वेळी कृती छापताना ग्रॅम, अंश आणि भांड्याचा आकार द्यावा, ही विनंती.

— बेकिंगचे वर्ग घेणाऱ्या काहीजणी, सोलापूर