तीन ठिपक्यांबद्दल आभार

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

उपजत प्रतिकारशक्ती म्हणजे नुसती आंधळी मारहाण, विषाणूची खरी ओळख पटते ती अँटिबॉडी आल्यावरच, असे मी एका उत्तरपत्रिकेत बेधडक लिहिले होते. त्यावर लाल फुली मारून तुम्ही मोकळ्या झाला नाहीत. तास संपल्यावर मला थांबवून घेतलेत, त्याच पानाच्या पाठकोऱ्या बाजूला पेन्सिलीने दोन रेघा ओढल्यात आणि एकीच्या टोकाला टोपी, तर दुसरीच्या टोकाला तीन ठिपके काढलेत. त्या अर्ध्या तासाचे आभार मानायचे राहून गेले, म्हणून हे पत्र.

विषाणू आपल्याच पेशीच्या साहित्यातून स्वतःच्या प्रती काढतो, मग पेशीने परके म्हणायचे तरी कशाला, ही माझी अडचण मला धड मांडताही येत नव्हती. टोपीवाली रेघ म्हणजे आपला संदेशवाहक आरएनए, केंद्रकातून निघण्यापूर्वीच टोक झाकून घेतलेला; ठिपके म्हणजे इन्फ्लुएन्झाच्या आरएनएच्या टोकाचे तीन उघडे फॉस्फेट. पेशीद्रवातले रिग-आय हे प्रथिन असे दुपदरी, उघडे टोक पकडते, तंतुकणिकांवरच्या एमएव्हीएस या प्रथिनाला खबर देते आणि काही तासांतच इंटरफेरॉन हे शेजारच्या पेशींना सावध करणारे प्रथिन बाहेर पडू लागते. अँटिबॉडींना मात्र त्यानंतरही कित्येक दिवस लागतात. डीएनएच्या बाबतीत तुम्ही एवढेच म्हणालात, की तिथे टोकापेक्षा जागा पाहायची: केंद्रकातला डीएनए पेशीद्रवात सापडणे हाच संशय.

१९५७ मध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमान या शास्त्रज्ञांनी उष्णतेने निष्क्रिय केलेला इन्फ्लुएन्झाचा विषाणू कोंबडीच्या अंड्यातील पटलावर सोडला, तेव्हा भोवतीच्या द्रवात असे काही उतरले की त्याने ताज्या पटलालाही जिवंत विषाणूपासून वाचवले, हा प्रयोग तुम्ही जणू स्वतः पाहिल्यासारखा सांगितलात. त्या द्रवातले इंटरफेरॉन शेजारच्या पेशींतली शेकडो जनुके जागी करते. त्यांपैकी एका जनुकातून बनणारे पीकेआर हे प्रथिन मला अजूनही सर्वांत धाडसी वाटते, कारण दुपदरी आरएनए दिसताच ते पेशीची प्रथिननिर्मितीच थांबवते. चोराला भाकरी मिळू नये म्हणून घरची चूल विझवावी, तसे. अर्थात इन्फ्लुएन्झाही कच्च्या गुरूचा चेला नाही, त्याचे एनएस१ प्रथिन रिग-आयच्याच कामात खोडा घालते.

आज याच विषयावर शिकवताना मी फळ्यावर त्याच दोन रेघा ओढते. ती उत्तरपत्रिका माझ्याकडे आहे, पेन्सिल पुसट झाली आहे. गुण तुम्ही शेवटपर्यंत वाढवले नाहीत, आणि ते योग्यच होते.

आपली विद्यार्थिनी