सोमवारी वेरूळ, मंगळवारी अजिंठा. क्रम उलटला की दार बंद

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

नवरात्र-दिवाळीच्या सुट्या तोंडावर आल्या की वृत्तपत्रांत ‘मराठवाड्यात काय पाहाल’ अशी पाने येतात. छायाचित्रे देखणी असतात, नावे सगळी असतात. पण कोणते स्थळ कोणत्या वारी बंद, धबधब्याला पाणी कधी, चढायला किती वेळ, यातले काहीच नसते. मग रात्रभर प्रवास करून आलेले कुटुंब सोमवारी सकाळी फर्दापूरच्या फाट्यावर उतरते आणि तिथे त्याला कळते की अजिंठा सोमवारी बंद असतो. म्हणून चला वेरूळला, तर तिथे पोहोचेस्तोवर दिवस कलतो. दुसऱ्या दिवशी मंगळवार, आणि वेरूळची साप्ताहिक सुटी नेमकी मंगळवारी. दोन दिवस गेले, दोन्ही जागतिक वारसास्थळे धड पाहून झाली नाहीत.

खरे तर हेच दोन वार सर्वात सोयीचे आहेत. शनिवार-रविवारी अजिंठ्याच्या रंगीत लेण्यांपुढे रांग लागते, वेरूळला गाडी लावायला जागा मिळत नाही. सोमवारी वेरूळ आणि मंगळवारी अजिंठा असा क्रम धरला तर दोन्ही ठिकाणी निवांत पाहता येते.

अजिंठा छत्रपती संभाजीनगरहून सुमारे शंभर किलोमीटर आहे. जळगावहून साधारण साठ. रेल्वेने येणाऱ्यांनी हा फरक लक्षात घ्यावा, कारण फक्त अजिंठाच पाहायचा असेल तर जळगावला उतरणे सोपे. संभाजीनगर-जळगाव एसटी फर्दापूर फाट्यावर थांबते. खासगी गाडी तिथेच सोडावी लागते आणि पुढचे चार किलोमीटर लेण्यांच्या बसने जायचे. ही बदलाबदली धरून संभाजीनगरहून सकाळी सहा-साडेसहाला निघावे. लेणी नऊला उघडतात. पहिल्या तासात पोहोचलात तर एक आणि दोन क्रमांकाची लेणी आधी पाहा. साडेदहानंतर आलात तर सगळी गर्दी तिथेच अडकलेली असते. तेव्हा सरळ पुढे सोळा, सतरा आणि सव्वीसकडे जावे आणि एक-दोन परतताना घ्यावीत. सुरुवातीचा चढ पायऱ्यांचा आहे. ज्येष्ठांसाठी डोली मिळते. दर आधी ठरवून घ्यावा.

लेण्यात शिरल्या शिरल्या ‘काही दिसतच नाही’ म्हणून लोक दोन मिनिटांत बाहेर पडतात, आणि याचे आम्हाला सर्वात वाईट वाटते. बाहेर रखरखीत ऊन, आत मुद्दाम मंद ठेवलेला उजेड. डोळे सरावायला पाच मिनिटे तरी लागतात. शांत उभे राहा, मग पद्मपाणी बोधिसत्त्वाचा चेहरा, हातातले कमळ, मागची माणसे एकेक करून उमटू लागतात. उजेड कमी का, तेही समजून घेतले पाहिजे. ही चित्रे ओल्या चुन्यावर काढलेली नाहीत. खडकावर मातीचा गिलावा, त्यात भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू, वर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, चुना. फक्त निळ्यासाठी दूरदेशीचा लाजवर्द हा निळा दगड. असा गिलावा दमटपणाने फुगतो आणि खडकापासून सुटतो. पन्नास माणसांचा श्वास आणि घाम म्हणजे त्याच्यासाठी पाऊसच, म्हणून आत ठरावीक संख्येनेच सोडतात. फ्लॅश वापरू नये, भिंतीला हात लावू नये. चित्रांच्या लेण्यांत चपला बाहेर काढाव्या लागतात. दुपारी दगड तापतो, जाड मोजे जवळ ठेवावेत. काही चित्रांवर जी पिवळट झाक दिसते ती मूळची नाही. निजाम सरकारने १९२० च्या सुमारास इटलीहून तज्ज्ञ बोलावले, त्यांनी रंग धरून ठेवण्यासाठी वॉर्निश लावले आणि ते पुढे पिवळे पडले.

दहाव्या लेण्यात एका खांबावर जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने कोरलेले नाव आणि २८ एप्रिल १८१९ ही तारीख आहे. ती आज डोक्याच्या बरीच वर दिसते, कारण तेव्हा लेणे गाळाने तितके भरलेले होते. त्याचे कौतुक करू नये, पण गाळ किती होता याची खूण म्हणून जरूर पाहावी. हेच लेणे इथल्या सर्वात जुन्या लेण्यांपैकी, इसवी सनापूर्वीचे. तर एक, दोन, सोळा, सतरा ही वाकाटकांच्या काळातली, पाचव्या शतकातली. मधे पाचेकशे वर्षांचे अंतर आहे, हे माहीत नसले की सगळी लेणी सारखीच वाटतात. घोड्याच्या नालेसारखी वाघूर नदीची घळ एका नजरेत पाहायची असेल तर समोरच्या डोंगरावरच्या व्ह्यू पॉइंटला जावे. पावसाळ्याच्या अखेरीला घळीच्या टोकाचा सातकुंड धबधबा वाहता असतो.

वेरूळचे गणित वेगळे. लेणी एकूण चौतीस: एक ते बारा बौद्ध, तेरा ते एकोणतीस हिंदू, तीस ते चौतीस जैन. दाराशी उतरले की समोरच सोळावे कैलास लेणे, म्हणून बहुतेक जण तेवढे पाहून परततात. कैलासाचे तोंड पश्चिमेला आहे. सकाळी दर्शनी भाग सावलीत असतो आणि दुपारी तीननंतर त्यावर ऊन येते. तेव्हा सकाळच्या गारव्यात आधी जैन लेणी करावीत. ती एक-दीड किलोमीटर उत्तरेला आहेत, बस जाते. बत्तिसाव्या इंद्रसभेचे वरच्या मजल्यावरचे खांब पाहिल्याशिवाय उतरू नये. परतताना एकोणतिसावे धुमार लेणे, मग दक्षिणेला दहावे, ज्याला गावकरी सुताराची झोपडी म्हणतात, कारण छताच्या दगडी फासळ्या लाकडी तुळयांसारख्या कोरल्या आहेत. कैलास शेवटी. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, डोंगराला वरून चर मारून मधला खडक सुटा केला आणि वरून खाली कोरत आणले. आधी कळस, मग पाया. हे खालून कळत नाही. लेण्याच्या उजव्या हाताने डोंगरावर जाणारी पायवाट धरून वरून पाहावे लागते. पावसात ही वाट शेवाळते; गुळगुळीत तळव्याची चप्पल नको, कडेशी मुलांचा हात सोडू नये.

मंगळवारी वेरूळ बंद असले तरी घृष्णेश्वराचे मंदिर उघडे असते. गाभाऱ्यात जाताना पुरुषांना अंगातला सदरा काढावा लागतो. श्रावणी सोमवारी मात्र लेणी आणि मंदिर एकाच दिवशी जमवू नये.

दौलताबादच्या देवगिरी किल्ल्यावर लोक भर दुपारी जातात आणि चिनी महालापासून माघारी फिरतात. पायथ्यापासून माथा सुमारे दोनशे मीटर, वर जाऊन यायला अडीच ते तीन तास. सकाळी चढावे. माणशी दोन लिटर पाणी, अंधारी म्हणजे किल्ल्यातल्या काळोख्या बोगद्यासाठी विजेरी (मोबाइलचा उजेड पुरत नाही), आणि खाण्याच्या पिशव्या बंद, माकडे हिसकावतात. अंधारीत वटवाघळांचा उग्र वास असतो. दम्याचा त्रास असलेल्यांनी तिथूनच परतावे. त्यात कमीपणा नाही, तटबंदी, तासलेला कडा आणि खंदक हाच या किल्ल्याचा खरा भाग आहे आणि तो खालूनच नीट कळतो.

आता पाण्याबद्दल, कारण सर्वात जास्त निराशा इथेच होते. नळदुर्गच्या पाणीमहालाची छायाचित्रे पाहून लोक मे महिन्यात येतात आणि कोरडी भिंत पाहून जातात. नळदुर्ग आणि समोरचा रणमंडळ किल्ला यांना जोडणाऱ्या बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात हा महाल आहे, दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळातला. नर आणि मादी हे दोन्ही धबधबे वरचे धरण भरून सांडव्यावरून पाणी आले तरच कोसळतात. म्हणजे पावसाचा महिना विचारून उपयोग नाही, धरण भरले का हे विचारावे. पाऊस कमी झालेल्या वर्षी ते सुरूच होत नाहीत. उलट बंधाऱ्याच्या माथ्यावरूनच पाणी जात असेल तर महालात उतरण्याचा हट्ट करू नये. तुळजापूरहून हे ठिकाण तासाभरात येते. कोजागरीच्या सुमारास सोलापूर-तुळजापूर रस्त्यावर पायी भाविकांची रीघ असते आणि वाहतूक वळवली जाते, तेवढे दोन-तीन दिवस टाळावेत.

पाटोदा तालुक्यातला सौताडा धबधबा दिवाळीपर्यंत पाहून घ्यावा. पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा त्याहून दांडगा आणि त्याहून धोक्याचा. इस्लापूरच्या बाजूचा काळा खडक कोरडा दिसला तरी वरच्या भागात पाऊस झाला किंवा धरणातून पाणी सोडले की पाहता पाहता पात्र भरते. खडकावर मधोमध जाऊन छायाचित्रे काढणाऱ्यांना परतायला वेळ मिळत नाही.

नाथसागराचे, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयाचे, उलटे आहे. धरण काठोकाठ भरले असते तेव्हा पक्षी कमी दिसतात, कारण उथळ चिखल पाण्याखाली असतो. रोहित पक्षी त्या चिखलातच चरतात. पाणी ओसरू लागले की, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत, पहाटे जावे.

खरोसा आणि तेर ही दोन नावे पुरवण्यांत कधी येतच नाहीत. लातूर जिल्ह्यातली खरोसा लेणी जांभ्या दगडात आहेत. वेरूळचा बसाल्ट शतकानुशतके धार राखतो, जांभा झिजतो. म्हणून तिथली शिल्पे पुसट झाली आहेत. हे आधी माहीत असले की निराशा होत नाही, सकाळच्या तिरप्या उन्हात आकार ओळखू येतात. तेरला विटांचे, मागून गोलाकार असलेले त्रिविक्रम मंदिर आणि लामतुरे संग्रहालय आहे. तेर म्हणजेच प्राचीन तगर, या नगरीचा रोमशी व्यापार होता. इथे सापडलेली हस्तिदंती बाहुली एवढ्याशा आकाराची, पण तेवढ्यासाठी वाट वाकडी करावी अशी. दोन्ही गावांत जेवणाची सोय गृहीत धरू नये.

आपल्या येत्या पर्यटन पुरवणीत प्रत्येक स्थळाखाली चार गोष्टी छापाव्यात ही विनंती: साप्ताहिक सुटी, लागणारा वेळ, योग्य महिना आणि जवळचे रेल्वे स्थानक. नळदुर्ग आणि सहस्रकुंडाच्या वरच्या धरणांचा साठा पावसाळ्यात रोजच्या पाणीपातळीच्या बातमीत असतोच. त्याच ओळीत ‘धबधबा सुरू’ किंवा ‘बंद’ एवढे दोन शब्द वाढवावेत. आणि संभाजीनगरच्या रेल्वे स्थानकावर व मध्यवर्ती बसस्थानकावर, बाहेर पडण्याच्या दाराशीच, ‘अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद’ असा मराठी, हिंदी आणि इंग्रजीतला मोठा फलक दसऱ्याआधी लागावा, यासाठी आपल्या वृत्तपत्राने पाठपुरावा करावा.

आपले,
वेरूळ-अजिंठा मार्गावरील काही पर्यटक मार्गदर्शक,
छत्रपती संभाजीनगर